घोट्याच्या उंचीवरचं जंगल

खांदे सैल सोडा. घाई नको. वाचता वाचता मधेच डोळे मिटावेसे वाटले, तर मिटा.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, केरी परगण्यात, मकरॉस सरोवर आणि लॉक लेन यांच्या मधे एक भूशिर आहे. तिथे रीनाडिना नावाचं यू वृक्षांचं वन आहे. विस्तार जेमतेम 25 हेक्टर. निव्वळ यूचं असं रान युरोपात फार थोड्या ठिकाणी उरलंय. मनाने तिथे जा. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडणारा हा प्रदेश. हवा ओली आहे, हे कपाळाला जाणवू द्या.

आधी वर पाहा. गडद हिरव्या, चपट्या, सुईसारख्या पानांचं छत एकमेकांत गुंतलं आहे. एकेक पान काही वर्षं टिकतं, मग गळतं, आणि तोवर नवं आलेलं असतं. म्हणून हे झाड उघडं कधीच दिसत नाही. हे पाहताना मनाला किती स्वस्थ वाटतं! तो स्वस्थपणा थोडा वेळ राहू द्या.

आता नजर हळूहळू खाली आणा. तांबूस, पिळदार खोडं. त्याखाली चुनखडीचा खडक, त्याच्या भेगांत शिरलेली मुळं, आणि सगळ्यावर जाड शेवाळ. माती इतकी थोडी की झाड कशावर उभं आहे, असा प्रश्न पडावा.

आणखी खाली, घोट्याच्या उंचीवर. इथे थांबा. इथे काय आहे ते बघा. मग काय नाही ते बघा.

यूची रोपं नाहीत. असलीच तर अगदी विरळ.

हरणं ती खुडतात. गुराघोड्यांना यूचा पाला विषारी, हरणांना मात्र तो चालतो. त्यात एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणलेली सिका हरणं इथे वाढली. पण संशोधकांनी कुंपणं घालून वर्षानुवर्षं हरणं अडवली, तरी दाट छताखाली यूची पुढची पिढी उभी राहिली नाही. आईच्याच सावलीत लेकरू वाढत नाही. ओकच्या विरळ सावलीत मात्र ते तग धरू शकतं. मला वाटतं, सदाहरित वनाबद्दल मनन करण्यासारखी गोष्ट हीच आहे. त्याचा पुढचा काळ त्याच्या कुंपणाबाहेर आहे.

एक श्वास घ्या, आणि सोडा.

हवामान बदलतंय, हे इथे पुस्तकात वाचावं लागत नाही. हे वन ज्या किलार्नी राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथेच एप्रिल 2021 मध्ये वणवा पेटला आणि हजारो हेक्टरांवर पसरला. 24 जानेवारी 2025 रोजी एओविन वादळात गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी 180 किलोमीटरच्या पुढे गेला. देशभर झाडं आडवी झाली. बोटभर मातीवर उभ्या असलेल्या जुन्या झाडांसाठी असा वारा आणि कोरडा उन्हाळा, दोन्ही जड. उद्या यातलं एक झाड पडलं, तर त्याची जागा कोण घेणार, हा प्रश्न मनात धरून बसा. उत्तराची घाई करू नका.

आपल्या देवराईत वाळकी काटकीही उचलायची नाही, असा दंडक असे. त्या मायेने कितीतरी झाडं राखली. पण राखणं म्हणजे फक्त हात न लावणं, असं मला आता वाटत नाही.

झाडाला जागाही लागते. क्लेअर परगण्यातल्या रॉकफॉरेस्ट या ठिकाणाचंच बघा. आयर्लंडातला मूळचा स्कॉट्स पाइन कधीच संपला, असं मानलं जाई. ट्रिनिटी कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथल्या गाळात साठलेले परागकण तपासले, तेव्हा पाइन तिथे शतकानुशतकं टिकून असल्याचं दिसलं. एवढीशी जागा पुरली.

तर जागेकडेच पाहूया. यूच्या लाल गराचं फळ पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. पाठवणी झाडाकडून होते. मुक्कामाची सोय मात्र बी पडतं तिथे, ओकच्या विरळ सावलीत, हवी. आणि नेमक्या त्याच ओकच्या रानात ऱ्होडोडेंड्रॉन पसरला आहे. बागेच्या शोभेसाठी आणलेला, तोही सदाहरित. त्याच्याखाली बाराही महिने इतका अंधार की दुसरं काही उगवत नाही. लांबून पाहिलं तर तेही हिरवंगार. त्या हिरव्यावर नजर ठेवा, आणि त्याला जंगल म्हणावंसं वाटतं का, हे स्वतःला विचारा.

1981 पासून ग्राउंडवर्क नावाच्या संस्थेचे स्वयंसेवक कित्येक उन्हाळे इथे येऊन ही झुडपं हातांनी तोडत राहिले. त्यांच्याजवळ जाऊन उभे राहा. ओल्या उतारावर ते कुऱ्हाड, करवत चालवताहेत. तोडलेल्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. बी इतकं बारीक की वाऱ्यावर जातं. म्हणून साफ केलेल्या जागी काही वर्षांनी परत यायचं, वाकायचं, शेवाळ चाचपायचं, आणि कोणतं रोप उपटायचं, कोणतं राहू द्यायचं, ते एकेक करून ठरवायचं.