शेताचा सोडलेला कांठ

(मूळ वचन : लेवीय १९ : ९, १०)



पीक कापतांना शेताचे कोपरे झाडून नेऊं नका, ते गरीब व परका यांच्यासाठीं राखा, अशी आज्ञा देवानें इस्राएलास दिली. त्या आज्ञेमुळेंच रूथेस बवाजाच्या शेतांत सरवा वेंचतां आला.

नातेपुत्याच्या रानांत फिरतांना आम्हांस हें वचन आठवतें. बांधावर बोर, बाभूळ, हिंवर, तरवड, रुई हीं आपोआप उगवतात. पण दोन सऱ्या अधिक निघाव्या म्हणून कित्येक जण बांध कोरतात, उरलेला पेटवितात, व त्यास स्वच्छता म्हणतात. आम्हीही निर्दोष नाहीं. आमच्या कुंपणाची तरवड आम्हींच उपटिली होती.

विचार करा. काकडी, कलिंगड, कारलें यांच्या वेलावर नराचें फूल वेगळें व मादीचें वेगळें. एकाचा पराग दुसऱ्यापर्यंत नेण्यास देवानें मधमाशी नेमिली आहे. डाळिंबाच्या बागेसही तिची मदत होते. परंतु आपल्या पिकाचा फुलोरा थोडे दिवसांचा. एरवीं ती बांधावरचा सरवा वेंचून जगते. कडुनिंब व करंज उन्हाळ्यांत फुलतात, बाभूळ पावसाळ्यांत, बोर पावसाळ्याच्या अखेरीस. तरवडीचा पराग बंद नळ्यांत असतो. काळा भुंगा फुलास धरून गुणगुणतो, तेव्हां तो बाहेर पडतो. रुईस गुरें सहसा तोंड लावीत नाहींत, पण नारिंगी फुलपाखराच्या अळ्या तिच्याच पानांवर वाढतात. निरुपयोगी म्हणून आपण जें उपटतों, तें कोणाचें तरी ताट आहे.

तर काय करावें? एक तरी बांध न कोरतां, न जाळतां राखावा. नवें झाड लावणें असल्यास आपल्याच रानाचें बीं पावसाच्या आरंभीं लावावें. फुलोऱ्यांत औषध फवारूं नये. टळत नसल्यास सूर्यास्तानंतर फवारावें. आणि गवताळ माळ ओसाड समजूं नये. ह्याच जिल्ह्यांत नान्नज येथें १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य झालें, तें अशाच उघड्या माळामुळें.

बवाजानें मजुरांस सांगून रूथेसाठीं मुद्दाम कांहीं कणसें टाकविलीं. ती परकी वेंचणारीण पुढें दाविदाची पणजी झाली. तिला दिलेलें व्यर्थ गेलें नाहीं. बांधावरच्या ह्या मुक्या वेंचणाऱ्यांस सोडलेलेंही व्यर्थ जाणार नाहीं.