दार बंद झाले तरी कान उघडे राहोत



तुमच्यापैकी अनेक जण नोकरी किंवा घर सांभाळून काहीतरी विकतात. कुणी मसाले करतात, कुणी कापडी पिशव्या शिवतात, कुणी एखाद्या कंपनीचा माल ओळखीच्या घरी पोहोचवतात. दुकान नाही, पाटी नाही. सलग तीन घरांतून 'नको' ऐकले की चौथ्या दाराची बेल वाजवताना हात थबकतो. आपले चित्त किती स्थिर झाले याची परीक्षा मला वाटते तिथेच होते. आसनावर बसल्यावर आपल्याला नाही म्हणणारे असते तरी कोण?

अशा वेळी नुसते 'चिकाटी ठेवा' म्हणून भागत नाही. कशाला चिकटून राहायचे, हे समजण्यासाठी लखनौच्या चौकात चला.

गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा ही तिथली जुनी बाजारपेठ चिकनकारीसाठी प्रसिद्ध आहे. कापडावर लाकडी ठशाने कच्च्या निळ्या रंगात नक्षी छापतात. त्या नक्षीवर बायका घरी बसून टाके भरतात. तांदळाच्या दाण्यासारखी मुर्री, बाजरीच्या दाण्यासारखा फंदा, शिवाय तेपची, बखिया, जाळी. शेवटी धुलाईत निळी छाप निघून जाते आणि टाका राहतो. पण वर्षानुवर्षे टाका घालणारीला बाजार दिसतच नसे. अनेक जणी पडद्यात राहणाऱ्या गरीब घरांतल्या. दलाल कापड आणून देई, भरलेले घेऊन जाई आणि नगावर थोडीशी मजुरी हातावर ठेवी. आपला कुर्ता कितीला विकला गेला, तो कोणी घातला, तिला कळत नसे.

1984 मध्ये रूना बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कारागीर स्त्रियांना एकत्र करून 'सेवा लखनौ' उभी केली. दलालाला बाजूला ठेवून, मोठ्या शहरांत प्रदर्शने भरवून माल थेट विकायचा, असा मार्ग त्यांनी धरला. पुढे 2007 मध्ये रूना बॅनर्जी यांना पद्मश्री मिळाली.

मी वाणिज्य शाखेत शिकते. मध्यस्थ गेला की त्याचा वाटा आपल्याकडे येतो, असे आमच्या पुस्तकात असते. ते खरे आहे, पण अर्धेच. दलाल नफा घेतो तसा नकारही आपल्या अंगावर घेतो. तो गेला की गिऱ्हाइकाचे पैसे आणि गिऱ्हाइकाची नापसंती, दोन्ही थेट आपल्यापर्यंत येतात. उंबरठ्याबाहेर फारशी न पडलेली बाई परक्या शहरात आपल्याच कामासमोर उभी आहे आणि कुणीतरी विचारते, "एवढे महाग?" त्या कुर्त्यात तिचे कित्येक दिवस गेलेले असतात. राग आला तर तो समजण्यासारखा आहे. पण रागावून तोंड फिरवले, तर बाजारातल्या स्वस्त भरतकामात आणि आपल्या कामात काय फरक आहे हे त्या माणसाला कोण दाखवणार?

माझे स्वतःचे सांगते. मागच्या दिवाळीत आईने केलेले उटणे मी घरोघर विकत होते. एक काकू म्हणाल्या, "पाकीट मोठे आहे गं, आम्ही दोघेच." मी त्यांना शुद्ध वनस्पतींचे गुण ऐकवत राहिले. पुढच्या इमारतीतही हेच ऐकले आणि तिथेही मी माझे भाषण पूर्ण केले! त्याला मी चिकाटी समजत होते. घरी आल्यावर आई हसली आणि लहान पाकिटे भरायला बसली. उटणे तेच राहिले, फक्त पाकीट बदलले.

याचा अर्थ प्रत्येकाचे ऐकून वाकायचे असा नाही. कोणी म्हणाले, टाके विरळ घाला आणि भाव उतरवा, तर तिथे चौकातल्या त्या बाईने हलू नये. रंग, माप, बोलण्याची पद्धत बदलू द्या. हाताची सचोटी सोडू नका. कबीरही विणकर होते आणि विणलेले कापड विकूनच त्यांचा संसार चालत होता. तेव्हा बाजाराचा संकोच कशाला?

दोन अप्रिय गोष्टीही ऐका. सत्संगातली माणसे आपली हक्काची गिऱ्हाइके नाहीत. भजनाला शेजारी बसणाऱ्याने 'नको' म्हटले की विषय तिथेच संपवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात तो तुम्हाला टाळू लागेल. दुसरी गोष्ट, ज्या योजनेत माल विकण्यापेक्षा नवी माणसे जोडण्याचेच पैसे मिळतात, तिला चिकटून राहणे म्हणजे चिकाटी नव्हे. 2021 च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. घरातले कोणी याबद्दल सावध करत असेल, तर त्याला नकारात्मक विचारांचा ठरवून गप्प करू नका.

आज रात्री जपाला बसण्याआधी हिशेबाची वही उघडा. विक्री लिहून झाली की खाली आज मिळालेले नकार लिहा, माणसाचे नाव न घालता, त्याच्याच शब्दांत. एखादे वाक्य दोनदा आले असेल, तर उद्या निघण्यापूर्वी ते घरातल्यांना वाचून दाखवा.