ओलं फडकं

धावडा, ता. भोकरदन

चि. मुक्ता हिस,


तुझे फोटो पोचले. मोबाईलवर बोटांनी मोठे करकरून दोन दिवस बघतोय. चार पानांचा घडीचा पडदा, कॅनव्हासवर हातानं रंगवलेला. राखाडी जमिनीवर कलश, फुलांच्या माळा, मधल्या गोलात तलम वस्त्रातली बाई आणि सगळ्यावर चहा सांडल्यासारखी तपकिरी झाक. मालकाला तो नवा करकरीत करून हवाय, आणि काम तुझ्या वाट्याला आलंय. "आबा, सुरुवात कुठून करू?" असं तू विचारलंस. फोनवर सांगत बसलो नाही, कारण त्यात माझी एक चूक आहे. ती नीट लिहूनच सांगायला हवी.

आपल्याकडे घडीचा पडदा म्हटलं की सरकारी दवाखान्यातला आठवतो, खाटेभोवती उभा करतात तो हिरव्या कापडाचा. त्याचं मूळ घराणं चीनचं. तिथून तो जपानात गेला. जपानीत त्याला ब्योबू म्हणतात, म्हणजे वारा अडवणारी भिंत. युरोपात पोचलेल्या चिनी लाखकामाच्या पडद्यांना तर 'कोरोमंडल' हे नाव पडलं, आपल्या पूर्व किनाऱ्याचं, कारण माल तिथल्या बंदरांवरून पुढे जायचा.

तुझ्या पडद्यावरचे कलश आणि माळा मात्र इटलीतल्या मातीखालून वर आल्या आहेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि हर्क्युलेनियम व पॉम्पेई ही गावं गाडली गेली. १७३८ मध्ये पहिल्या गावाचं आणि १७४८ मध्ये दुसऱ्याचं खोदकाम सुरू झालं. रंगवलेल्या भिंती उजेडात आल्या, त्यांच्या चित्रांची पुस्तकं छापली गेली, आणि युरोपभर भिंती, खुर्च्या, पडदे सगळं त्या धाटणीचं होऊ लागलं. नुसत्या राखाडी छटांत रंगवून संगमरवरात कोरल्याचा भास आणायचा, ही तिथल्या चित्रकारांची आवडती करामत. तुझ्या गोलातली बाई तशीच आहे. तिच्या गुडघ्याजवळची चुणी बघ, एकाच फटकाऱ्यात ओढलीय. तो हात शिकलेला होता.

असे कलश, आणि सोबत तसलेच खांब, मी पहिल्यांदा पाहिले ते इथे, जत्रेतल्या नाटकाच्या 'दरबाराच्या पडद्या'वर. आपल्या नाटक मंडळ्यांचे पडदे हे मोठं वैभव होतं. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी असेच पडदे रंगवत. कंदिलाच्या उजेडात सपाट कापडावरचे खांब मागे मागे जाताना दिसायचे. मी चित्रकला शिक्षक झालो तो त्या खांबांमुळे.

पुढे मी मास्तर झालो तेव्हा एका बंद पडलेल्या मंडळीचा असाच जुना पडदा शाळेला मिळाला. धुळीनं काळवंडलेला. स्नेहसंमेलन तोंडावर होतं. मी बादलीभर पाणी घेतलं, फडकं बुडवून पिळलं आणि पहिला खांब वरपासून खालपर्यंत पुसला. खांबाची सावली फडक्यावर आली. हात थांबेपर्यंत निम्मा खांब गेला होता. मी तो परत रंगवला, बरा रंगवला असं लोक म्हणाले. पण मला तो कायम वेगळा दिसायचा, तोंडात नवा दात बसवावा तसा.

माझं चुकलं कुठे? धूळ काय आहे हे मी पाहिलं, रंगाला धरून काय ठेवलंय हे विचारलं नाही. ते रंग म्हणजे पूड आणि सरस. सरस पाण्यात विरघळतो. आपल्या गावाच्या नावाचंच झाड घे. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो, तसा रंगातही जातो, आणि त्यालाही पाणी लागलं की तो सुटतो. तेलाच्या रंगाला पाणी चटकन काही करत नाही. लाखेचं व्हार्निश स्पिरिटनं सुटतं. म्हणून आधी खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढी जागा निवड. काडीला कापूस गुंडाळ, जेमतेम ओला कर, टेकव, उचल आणि कापसाकडे बघ. रंग आला तर तिथेच थांब. नाही आला तरच पुढे स्पिरिट, आणि तेही तितक्याच जागेवर.

तपकिरी झाक बहुधा व्हार्निशची आहे, चित्राची नाही. यासाठी अजिंठा आठव. आपण निजामाच्या मुलुखात होतो तेव्हा, १९२० ते १९२२ या काळात, निजाम सरकारनं इटलीहून सेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघा तज्ज्ञांना बोलावलं. चित्रांचे पोपडे सुटत होते. त्यांनी ते चिकटवले, चित्रांवर लाखेचा थर दिला. पोपडे वाचले, हे त्यांचं श्रेय. पण लाख काळाबरोबर तपकिरी होत गेली, धूळ धरून बसली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ती काढायला वर्षानुवर्षं खपावं लागलं. माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे कितीदा गेलो असेन! साफ केलेल्या जागेतला निळा पाहून मुलं गप्प व्हायची.

तेव्हा मालकाला सांग, नवा करकरीत होणार नाही. उलट नव्या सोनेरी रंगाला आणि चकचकीत व्हार्निशला ठाम नकार दे. आणि बिजागऱ्यांकडे लक्ष दे. चित्र सर्वांत आधी तिथे मरतं: घडी घालताना कडा घासतात, हात नेहमी त्याच जागी लागतो. तुझ्याकडे मुंबईच्या पावसात कापड सैल पडेल, म्हणून लगेच खिळे ठोकून ताणू नकोस. कोरडी हवा आली की तेच कापड रंगासकट तडकेल. सुटलेला पोपडा हातानं दाबू नकोस, तुझ्या वरिष्ठांना दाखव.

मागच्या बाजूचा एकही फोटो तू पाठवला नाहीस. कापड कसं विणलंय, खिळे हातानं घडवलेले आहेत का, कुठे शिक्का आहे का, ते दिसेल असे दिवसाच्या उजेडातले फोटो पाठव. तोवर पडद्याला पाणी लावू नकोस.

तुझा,
आबा