खो मिळेपर्यंत

सालेकसा-देवरीकडच्या एखाद्या शाळेत खेळाचा तास बघा. खो-खो रंगलाय. पळणारा अगदी हाताशी येतो. तरी खो मिळेपर्यंत उठायचं नाही. उठल्यावर एकदा धरलेली दिशा बदलायची नाही. पाठीमागून येणाऱ्या सोबत्यावर विश्वास ठेवायचा. संयमाचा धडा पुस्तकात वाचता येतो. इथे तो गुडघ्यांना शिकावा लागतो. म्हणून तो टिकतो. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं, रांगेत आपली पाळी येऊ देणं, हेसुद्धा खो मिळेपर्यंत बसणंच आहे. गुरुजी, बाई, परीक्षा जवळ आली तरी खेळाचा तास गणिताला देऊ नका. आणि आईबाबांनो, मूल मातीनं माखून आलं, तर आधी विचारा, आज खो कुणाला दिलास?