शिखर आणि पायथा

मनुष्याला पर्वताची ओढ का वाटते, हा प्रश्न पुरातन आहे. ऑस्ट्रेलियाच्या दिग्दर्शिका जेनिफर पीडम यांनी २०१७ साली याच विषयावर ‘माउंटन’ नावाचा माहितीपट काढला. निव्वळ शिखर गाठण्यासाठी पर्वतावर चढणे तीन शतकांपूर्वी वेडेपणाचे मानले गेले असते, असा विचार त्यात मांडला आहे.

आपल्या भूमीत मात्र डोंगराचा सहवास फार जुना आहे. बोरिवलीनजीक कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंनी तेथे काळ्या कातळात विहार खोदले व पावसाचे पाणी साठविण्यासाठी टाकी कोरली. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच्या माथ्यावर देवीचे मंदिर आहे. आजही असंख्य भाविक दर्शनाच्या ओढीने ती चढण चढतात.

मग पर्वत जिंकणे आणि पर्वतास वंदन करणे यांत भेद कोणता? गिर्यारोहक चढतो, तसाच भाविकही चढतो. भेद चढण्यात नसून मर्यादा मानण्यात आहे. मे १९५५ मध्ये जो ब्राउन व जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक ८५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगेवर पोहोचले. सिक्कीमवासीयांना ते शिखर पवित्र आहे. माथ्यावर पाऊल ठेवणार नाही, असे वचन मोहिमेने दिले होते. त्याप्रमाणे ते दोघे शेवटची काही पावले न टाकताच परतले. त्यांचे ते थांबणे हेही वंदनच होय.

आपली भक्ती अशी मर्यादा पाळते काय? अंधेरी पश्चिमेस गिल्बर्ट हिल हा सुमारे ६१ मीटर उंचीचा काळ्या पाषाणाचा उभा सुळका आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून त्याचे स्तंभ घडले. माथ्यावर गावदेवी व दुर्गामातेचे स्थान असून भाविक पायऱ्या चढून दर्शनास जातात. परंतु हा सुळका म्हणजे मूळ डोंगररांगेचा उरलेला अवशेष होय. जोगेश्वरी परिसरात असेच स्तंभसमूह होते. ते दगडखाणींत नाहीसे झाले. महानगरपालिकेने २००७ साली गिल्बर्ट हिलला वारसास्थळाचा दर्जा दिला.

यात केवळ खाणकामगारास दोष देणे न्याय्य ठरणार नाही. त्याच्या घामावर त्याचे कुटुंब जगते. शिवाय आपली घरे, रस्ते, इतकेच नव्हे तर आपली मंदिरेसुद्धा दगडावाचून उभी राहत नाहीत. पर्वताकडून घेणे हे पाप नव्हे. किती घ्यावे याचा विचार न करणे हा अधर्म होय. माथा तेवढा देवाचा आणि बाकीचा डोंगर खडीचा, अशी वाटणी भक्तीस शोभत नाही. पायथा खचला तर देवस्थान कोठे राहील?

म्हणून भाविकांस नम्र विनंती की, कोणत्याही गिरिस्थानी दर्शनास जाताना कातळावर नाव कोरू नये, कचरा मागे ठेवू नये. दानशूर भक्तांनी कळसासाठी देणगी द्यावीच. त्याचबरोबर पायथ्याची झाडे, माती व जलस्रोत यांचीही आठवण ठेवावी. शिखरापुढे लवलेले मस्तक पायथ्यासही ओळखील, तेव्हाच ते वंदन पूर्ण होईल.