झाकणाआडची साखळी

नवेगाव बांधच्या आमच्या अंगणात गेल्या हिवाळ्यात जुन्या डिझेल गाडीचे इंजिन तीन दिवस उघडे होते. पहाटे गाडी सुरू करताना क्षणभर खडखड होई; तेलाचा दाब चढून टेन्शनरने साखळी ताणली की ती थांबे. मिस्त्री म्हणाले, "टायमिंग चेन ढिली झाली जी."

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टचा एक, हे प्रमाण ही साखळी राखते. पिना व बुश झिजून तिची लांबी वाढते. डिझेल इंजिनात पिस्टन वाल्वच्या अगदी निकट येतो. साखळीने दाता सोडला की दोघांची टक्कर होते.

गाडी मला विकायची होती. घेणारा शेजारी तिच्यावर गोंदियापर्यंत भाड्याच्या फेऱ्या करणार होता. नागपूरच्या बाजारात दोन संच मिळत होते : एक अस्सल, दुसरा तशाच खोक्यातला नकली, निम्म्याहून कमी किमतीचा. झाकण बसल्यावर फरक कोणाला दिसणार? मनाने लगेच वकिली सुरू केली : आपण खोटे कुठे बोलतो? त्याने विचारले तर नाहीच!

वाचकहो, 'खोटी साक्ष देऊ नको' ही आठवी आज्ञा आपण बहुधा जिभेपुरती मानतो. परंतु 'साखळी नवी आहे' हे वाक्य शब्दशः खरे असूनही ती साक्ष खोटी ठरू शकते. कारण ऐकणारा तिच्यावर विसंबून आपली मुलेबाळे गाडीत बसवतो. स्वस्त भाग वापरणे हे पाप नव्हे. पैशाची ओढ असलेला माणूस तो समजून-उमजून घेतो आणि जपून चालवतो. ती निवड मी त्याच्या नकळत करून टाकावी, हा अन्याय आहे.

आमचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. पाळीच्या पोटात माती कशी चोपली, हे आज कोणी पाहू शकत नाही. पाणी मात्र दर पावसाळ्यात ती तपासते.

अस्सल संच मागवला. दातेरी चाके, गाईड व टेन्शनरही बदलले, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी टिकत नाही. किल्ली फिरवण्यापूर्वी मिस्त्रींनी पान्याने क्रँक हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवून पाहिला. खुणा जुळल्या.

व्यवहाराच्या दिवशी शेजाऱ्याला पावती दिली, जुनी साखळीही दिली. आणि क्लच फार दिवसांचा सोबती नाही, हेही सांगितले. किमतीत चार हजार उतरले. घरी दोन दिवस अबोला होता.