तारखेचा धनी

भाई कोतवाल वकील होते, ही गोष्ट सिद्धगडाच्या कथेत नेहमी मागे पडते. सांगणारा पाडलेल्या विजेच्या मनोऱ्यांवर येतो, कोतवालांच्या क्रांतिकारी गटावर, आझाद दस्त्यावर येतो, फितुरीवर येतो आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटेपाशी थांबतो. त्या पहाटे डीएसपी हॉलच्या पोलिसांनी रानातल्या तळाला वेढा घातला. साथीदार हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच मारले गेले. जखमी कोतवालांना हॉलने जवळून गोळी घातली, असे मुरबाड-कर्जतकडे आजही सांगतात. १९१२ साली माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेला, कायद्याची पदवी घेतलेला, सावकारापुढे शेतकऱ्याची बाजू मांडणारा हा माणूस. त्याच्यावर दोषारोपपत्र आले नाही, पंच आले नाहीत, उलटतपासणी झाली नाही. निकाल मात्र लागला.

त्या काळच्या सरकारला तारखा परवडत नव्हत्या. १९४२ च्या वटहुकमाने त्याने खास फौजदारी न्यायालये उभारली होती. काम झटपट, अपिलाची वाट अरुंद. १९४३ च्या जूनमध्ये फेडरल कोर्टाने तो वटहुकूम अवैध ठरवला, पण तोवर कित्येकजण शिक्षा भोगू लागले होते. परक्या सरकारचे गणित सरळ होते: घाई सरकारला सोयीची, म्हणून घाई. स्वतंत्र देशात दिरंगाई सोयीची, म्हणून दिरंगाई. दोन्हींत सोय कोणाची पाहिली जाते, हे काही बदलले नाही.

सिद्धगडाखालच्या गावांतून बारवी धरणाच्या रस्त्याने निघालात की पुढे बदलापूर लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि २० तारखेला लोक रेल्वेच्या रुळांवर बसले. लोकलगाड्या तासन् तास अडल्या. मागणी एकच होती: फाशी, आणि तीही आजच. महिनाभराने, २३ सप्टेंबरला, तळोजा कारागृहातून नेताना पोलिसांच्या गाडीतच आरोपी गोळीने मेला. त्याने शस्त्र हिसकावले, असे पोलिसांचे म्हणणे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने त्या म्हणण्यावर बोट ठेवले. तिकडे पेढे वाटल्याच्या बातम्या आल्या. त्या पेढ्यांवरून लोकांना नावे ठेवणे सोपे आहे. मला ते जमत नाही. ज्या माणसाला ठाऊक आहे की कोर्टात गेलेली गोष्ट आपल्या मुलीचे लग्न होईपर्यंत परत येत नाही, त्याने गोळीवर विश्वास ठेवला तर त्याला तिथवर कोणी आणून सोडले, एवढेच विचारावेसे वाटते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण दिवाणी दाव्यापुरती ठीक आहे. बांधाचा वाद असेल तर माणूस दमून घरी बसू शकतो. फौजदारीत पायरी चढायची की नाही हे आपल्या हाती नसते. फिर्यादी सरकार असते, पकडणारे सरकार, कोठडीत ठेवणारे सरकार, पुरावा तपासणारे सरकार, बाजू मांडणारा वकील सरकारचा. न्यायाधीशाची जागा मंजूर करून तिचा पगार आणि इमारतीचा खर्च देणारेही सरकारच. आणि खटला तुंबला की बोलणे सुरू होते न्यायालयांविषयी, जणू सरकार या प्रकरणात त्रयस्थ आहे!

मुरबाड किंवा शहापूरसारख्या तालुक्याच्या कोर्टातली एक सकाळ घ्या. बोर्डावर चाळीस-पन्नास प्रकरणे. पट्टेवाला पुकारा करतो. पहिल्यात आरोपी कारागृहात आहे, पण त्याला आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही, म्हणून आणलेला नाही. तारीख. दुसऱ्यात सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आलेला नाही. रक्ताचे नमुने कलिन्याच्या प्रयोगशाळेत पडून. तारीख. तिसऱ्यात तपास अधिकाऱ्याची बदली झाली, आता तो दुसऱ्या जिल्ह्यात बंदोबस्ताला. तारीख. चौथ्यात मुद्देमाल ठाण्यातून आणायचा राहिला. पाचव्यात सरकारी वकील एकच, आणि तो शेजारच्या कोर्टात उभा. सहाव्यात आरोपीचेच वकील आलेले नाहीत. हेही होते, आणि पुष्कळ होते. राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रिडवर विलंबाची कारणे पाहिली तर वकील उपलब्ध नसणे हे मोठे कारण दिसते. वकीलमंडळींनी या लेखावर खुश होण्याचे कारण नाही.

पण सहाव्या प्रकरणातला वकील न्यायाधीशाला दिसतो, त्याला झापता येते, त्याच्या अशिलावर खर्च बसवता येतो. पहिल्या पाचांतला माणूस कोण? त्याला नाव नाही. प्रत्येक तारखेचे कारण रोजनाम्यात लिहिले जाते, हस्ताक्षरात किंवा आता संगणकावर. विलंब कोणामुळे झाला याचा पुरावा ओळीनिशी कोर्टाच्या कपाटात असतो. त्याची बेरीज मात्र कोणी करत नाही. वर्षअखेरीस अमुक पोलीस आयुक्तालयामुळे इतक्या तारखा वाया गेल्या, अमुक प्रयोगशाळेमुळे इतक्या, असा एक साधा तक्ता विधानसभेच्या पटलावर ठेवा म्हटले, तर कायद्यात बसत नाही असे कुठे आहे? त्यात खर्च तरी कसला?

ही बेरीज केली की काय निघते, याची झलक डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिसली. महाराष्ट्रातल्याच एका आरोपीच्या जामिनाचे प्रकरण होते. सहा वर्षांत १०२ तारखा, आणि त्यांतल्या बहुतेकांना आरोपीला कोर्टापुढे उभेच केलेले नव्हते. प्रत्यक्ष नाही, पडद्यावरही नाही. एक माणूस आधीच सरकारच्या ताब्यात, त्याला कारागृहातून कोर्टापर्यंत आणायचे. एवढेच काम.

आता शहापूरकडे पाहा. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे, पुढे भातसा आले, आणि आज मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा एकटी भातसा उचलते. शेकडो कोटी लिटर पाणी रोज, पावसाळा असो की सणवार, डोंगरातून समुद्राकाठी जाते. वाटेतल्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो, तो वेगळा विषय. मुद्दा असा की एक दिवस पाणी पोचले नाही तर कोणाला फोन करायचा, हे मुंबईला माहीत असते. जलवाहिनी फुटली तर अभियंत्याचे नाव असते. आधारवाडीतला कच्चा कैदी कल्याणच्याच कोर्टात पोचला नाही, तर कोणाचेही नाव नसते. व्यवस्थेला वाहतूक येत नाही, असे म्हणायला जागा नाही.

खटला वेळेत चालवणे हे सरकारचे काम आहे, असे न्यायालयाने सांगितले नाही असे नाही. १९७९ मध्ये हुसैनारा खातूनच्या प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वेळेत खटला हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. पुढचा मोठा निकाल तर मराठी माणसाच्या नावाने ओळखला जातो. आंबेतचे अ. र. अंतुले. सिमेंट प्रकरणात त्यांना १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, खटला या कोर्टातून त्या कोर्टात फिरत राहिला आणि त्यातूनच घटनापीठाने जलद न्यायाची तत्त्वे ठरवून दिली. २००२ मध्ये सात न्यायमूर्तींनी म्हटले, खटल्यांना ठरावीक मुदत घालता येणार नाही; पुरेशी न्यायालये आणि न्यायाधीश देणे हे राज्याचे कर्तव्य. त्याच वर्षी आणखी एका निकालात दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश पाच वर्षांत नेमा, असे ठरले. विधी आयोगाने हाच आकडा १९८७ मध्ये सुचवला होता. आज संसदेत सांगितला जाणारा आकडा २१ च्या आसपास आहे. तोही मंजूर पदांवरून काढलेला, आणि लोकसंख्या २०११ ची. रिकाम्या खुर्च्या धरल्या आणि मधल्या वर्षांत जन्मलेली पोरे मोजली तर किती उरतात, ते वाचकाने ताडावे.

रिकाम्या खुर्च्यांची तर गंमतच. सरकार म्हणते, कनिष्ठ न्यायाधीशांची निवड उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली होते. न्यायालय म्हणते, जागा आणि पैसा सरकारने द्यायचा. दोघेही खरे बोलतात, म्हणून कोणीच उत्तर देत नाही. मध्यंतरी फास्ट ट्रॅक कोर्टे निघाली. अकराव्या वित्त आयोगाच्या पैशातून देशभर १,७३४ कोर्टे ठरली. २०११ च्या मार्चअखेर केंद्राने हात काढून घेतला आणि राज्यांनी आपापले पाहावे असे झाले. नव्या न्यायाधीशाविना नुसती पाटी लावलेले कोर्ट म्हणजे त्याच भाकरीचे दोन तुकडे करून दोन भाकरी म्हणणे.

आणि काम वाढवणारे कोण, याची चर्चा तर होतच नाही. कायदा करताना विधेयकाला वित्तीय निवेदन जोडतात, पण या कायद्याने किती खटले वाढतील आणि त्यांना किती न्यायाधीश लागतील, याचा हिशेब त्यात नसतो. १९८८ मध्ये न वटलेला धनादेश गुन्हा ठरला. २०१९ च्या अखेरीस देशातल्या २ कोटी ३१ लाख प्रलंबित फौजदारी प्रकरणांपैकी ३५ लाखांहून अधिक एकट्या त्या कलमाची होती. बँकांची वसुली न्यायदंडाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून सरकार मोकळे झाले. बिहारच्या दारूबंदीने न्यायालये तुंबली, असे सरन्यायाधीश रमणा यांनी २०२१ मध्ये जाहीर सांगितले तेव्हा आपल्याकडे हसू आले. पण १९४९ चा आपला दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे आणि दारू प्यायला परवाना लागतो, तो किती जणांच्या खिशात असतो? पाड्यावरच्या हातभट्टीवाल्या म्हातारीची केस मात्र चालू असते. प्रत्येक नव्या कायद्यामागे किती खटले येतील ते आधी मोजा, ही सूचना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली, २००८ मध्ये न्या. जगन्नाथ राव समितीचा अहवालही आला. पुढे काय झाले, ते तुंबलेल्या बोर्डावर वाचता येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मुदती पुष्कळ आहेत. आरोप निश्चितीला ६० दिवस, युक्तिवाद संपल्यावर निकालाला ३० ते ४५ दिवस, तहकुबी दोनच. या मुदतींचा रोख न्यायाधीशाकडे. पण एक कलम मला वेगळे वाटते. कलम ४७९ प्रमाणे कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा ठरावीक हिस्सा भोगला, पहिल्याच गुन्ह्यात एक तृतीयांश, की त्याच्या सुटकेसाठी कोर्टाला लेखी अर्ज करण्याचे काम कारागृह अधीक्षकाचे आहे. इथे कायद्याने एका खुर्चीचे नाव घेतले. २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे होते. त्यांच्यासाठी अधीक्षकाचे नाव घेणे, हा व्यासपीठावरच्या भाषणापेक्षा मोठा बदल आहे. असेच नाव पोलीस पार्टी देणाऱ्याचे, असेच सीए रिपोर्टचे, असेच सरकारी वकिलाची जागा भरणाऱ्याचे का नसावे?

नाव ठरले तर पुढे काय, याची उदाहरणे बाहेर आहेत. इटलीत २००१ च्या पिंटो कायद्याने खटला रखडला तर सरकार नुकसानभरपाई देते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जॉर्डन प्रकरणात मुदत आखली, सर्वसाधारण खटल्याला १८ महिने, वरच्या कोर्टातल्या खटल्याला ३०. ओलांडली तर खटलाच थांबू शकतो. हा दुसरा उपाय मला मान्य नाही. सरकारच्या आळसाची शिक्षा पीडितेने का भोगावी? इटलीचा मार्ग बरा, मात्र भरपाई सामान्य खजिन्यातून न जाता विलंब करणाऱ्या खात्याच्या अंदाजपत्रकातून गेली पाहिजे. आणि जामीन. मुंबईत अटक झालेल्या एका आरोपीला चार वर्षांनी, ३ जुलै २०२४ रोजी, जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वेळेत खटला चालवता येत नसेल, तर गुन्हा गंभीर आहे म्हणून राज्याने जामिनाला विरोध करू नये. चार वर्षांत आरोपही निश्चित झालेले नव्हते.

विलंबात आरोपीचे फावते असे मानणाऱ्यांनी जुलै २०२५ आठवावा. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. एकजण तोवर कोठडीत वारला होता, आणि सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटातले सगळे आरोपी सुटले. १९ वर्षे, १७ वर्षे. १८९ माणसे गेली ती लोकलमध्ये, त्यांच्या घरच्यांना अजून ठाऊक नाही की स्फोट कोणी केला. उलट कोपर्डीच्या अत्याचार-खून प्रकरणात गुन्ह्यापासून दीड वर्षाच्या आत सत्र न्यायालयाचा निकाल लागला, कारण सारा महाराष्ट्र रस्त्यावर होता. ज्याच्यासाठी मोर्चा निघत नाही त्याच्या तारखेला वाली कोण?

सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाडच्या आणि शहापूरच्या कातकरी पाड्यांवर, दिवाळी झाली की वीटभट्टीवाल्याचा टेम्पो येतो. भांडी, गोधडी, कोंबड्या, पोरे, सगळे त्यात चढते. उचल घेतलेली असते, आता मृगापर्यंत परत येणे नाही. मागाहून पोलीस शिपाई साक्षीचे समन्स घेऊन येतो, झोपडीला काटक्या लावलेल्या पाहतो, शेजारच्याला विचारतो. शेजारीही गेलेला असतो. रोजनाम्यात ‘साक्षीदार मिळून आला नाही’ अशी ओळ पडते, आणि पुढची तारीख माघातली मिळते.